शंभर मीटरच्या आत

दहावीच्या पहिल्या पेपरचा दिवस आला की ती सकाळ आजही आठवते, आणि निवृत्त होऊनही मी अकरा वाजेपर्यंत घड्याळ बघत बसतो. वर्धा जिल्ह्यातल्या हायवेलगतच्या एका ठाण्यात मी ठाणेदार होतो. नावं सांगणार नाही. त्यातली काही मंडळी अजून चौकाचौकांत फ्लेक्सवर झळकतात.

ठाण्यात हजेरी चालू होती. एका सरकारी कचेरीतले कारकून धापा टाकत आत आले.

"साहेब, माही पोरगी घरी नाई! आज पेपर हाय तिचा."

"शेवटची कधी दिसली?"

"आताच, सकाळी. अंगणात ओवाळाची तयारी चालू होती. गावाहून पाव्हणे आले. तिले बोलवाले गेलो, त मागचं दार उघडं."

मुलगी तिच्या शिकवणी वर्गाची शान होती. चौकात तिचा हातभर फोटो आणि खाली 'तालुक्यात पहिली!' पेपर अजून व्हायचे होते. निकाल फ्लेक्सवाल्याने आधीच लावून टाकला होता.

अल्पवयीन मूल बेपत्ता झालं की अपहरणाचा गुन्हा दाखल करावा लागतो. तो केला. वायरलेसवर वर्णन दिलं. परीक्षेच्या दिवसांत असं मूल हरवलं, की पोलीस तोंडाने 'सापडेल' म्हणतात आणि पहिली गाडी विहिरींकडे पाठवतात. मीही तेच केलं. ती गाडी कुठे गेली, हे वडिलांनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं.

तेवढ्यात तळेगावच्या एका धाब्यावरून खबर आली : गणवेशातली मुलगी एकटीच अमरावतीच्या बसमध्ये चढली. वडिलांना जीपमध्ये घेतलं आणि सायरन लावून सुटलो. ट्रक बाजूला होत होते, वडील देवाचं नाव घेत होते, ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढत नव्हता. बस अडवली. खिडकीशी गणवेशातली मुलगी होती, मांडीवर पुस्तक. पण ती निघाली दुसऱ्याच शाळेची.

"मी काऊन उतरू? माहा पेपर हाय!" ती माझ्यावरच कडाडली. "उशीर झाला त तुमी द्यान काय माहा पेपर?"

तिची माफी मागून बस सोडली. पेपर अकराचा. हातात जेमतेम तास होता.

परत आलो तर तिच्या शिकवणी वर्गाच्या दारात ढोल-ताशा वाजत होता. फुलांनी सजवलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, तिच्यावर 'विजयरथ' अशी पाटी आणि वर फेटे बांधलेली पोरं, चेहऱ्यावरून बळीला निघाल्यासारखी. वर्गाच्या संचालक सरांनीही फेटा बांधला होता. त्यांना बाजूला घेतलं.

"तिला काही बोललात का तुम्ही?"

"छे, साहेब! मी फक्त मोटिव्हेशन देतो."

"किती?"

"रोज," ते अभिमानाने म्हणाले.

"तिचं हॉलतिकीट?"

"साऱ्यायचे माझ्यापाशीच हायेत. पूजा करून रथावर वाटायचे होते. मुहूर्त निघून चालला, साहेब."

हॉलतिकीट इथे, म्हणजे केंद्रावर ती गेली नसणार, असा तर्क आम्ही सगळ्यांनी केला. मग रथावरच्या तिच्या मैत्रिणीला खाली उतरवलं. फेटा डोळ्यांवर येत होता तो वर सारत ती आधी 'मले काई मालूम नाई' एवढंच म्हणाली. ढोल बंद करायला लावला, सरांना लांब पाठवलं आणि पुन्हा विचारलं.

"ती पेपरले घाबरत नाई, काका," ती हळूच म्हणाली. "फ्लेक्सले घाबरते. चौकातून जातच नाई, मागच्या गल्लीनं जाते. काल म्हने, जिथं कोनी 'बेस्ट लक' म्हनत नाई अशी जागा असंल का वं?"

अशी जागा गावात एकच होती, आणि ती मीच आखून घेतली होती! परीक्षा केंद्राभोवती शंभर मीटर : जमाव नको, फलक नको, वाद्य नको, नातेवाईक नको. सरांच्या हातातून तिचं हॉलतिकीट जवळजवळ हिसकावलं आणि जीपकडे धावलो.

केंद्राच्या फाटकावर आमच्या एक महिला शिपाई होत्या. बंदोबस्तावर मोबाईल बंद ठेवण्याचा हुकूम त्या निष्ठेने पाळत होत्या, त्यामुळे अर्धा जिल्हा जिला शोधत होता तिची त्यांना खबरच नव्हती.

"ती त कवाची येऊन बसली, साहेब. मी म्हनलं, हुशार पोरगी दिसते."

मागच्या अंगणात लिंबाखाली ती भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून उभी राहिली.

"मले पकडाले आले का?"

"नाही. इथे काय करते आहेस?"

"कविता आठवून पाहून राह्यली, सर. घरी सारेच 'आठवते ना? आठवते ना?' करत होते. मंग जे आठवत होतं तेबी गेलं." ती थांबली. "इथं आलं वापस. पन हॉलतिकीट नाई माह्यापाशी."

ते तिच्या हातात ठेवलं. कायद्याने तिला ताब्यात घेऊन जबाब नोंदवायला हवा होता. घंटा व्हायला थोडाच वेळ होता. केंद्रसंचालकांना सांगितलं, जबाब पेपरनंतर. बाहेर विजयरथ वाजतगाजत आला होता. त्याला हद्दीवरच थांबवलं. वडील आत धावायला लागले, त्यांचाही दंड धरला.

"एकदा पाहू द्या, साहेब! फक्त बेस्ट लक म्हनतो."

"तेच नको," मी म्हणालो. "आणि बाहेर आल्यावर पेपर कसा गेला, हेही विचारायचं नाही."

"मंग बापानं विचाराचं काय?"

मी त्यांना जीपच्या सावलीत नेऊन बसवलं.

आम्ही ती पळून कुठे गेली असेल, हे शोधत राहिलो. ती कोणापासून पळाली, हे आधी विचारायला हवं होतं. माणूस नेहमी शत्रूपासूनच पळतो असं नाही.

पेपर सुटला. मुलगी बाहेर आली आणि बापासमोर मान खाली घालून उभी राहिली. गृहस्थांचे ओठ दोनदा हलले. शेवटी ते म्हणाले,

"भूक लागली काय वं?"

"लय," ती म्हणाली, आणि कोणी न विचारता, पहिल्या प्रश्नापासून अख्खा पेपर सांगायला लागली. उभी हयात मी लोकांना प्रश्न विचारून बोलतं केलं होतं. एक प्रश्न न विचारल्यानेही माणूस बोलता होतो, हे मी त्या दुपारी शिकलो.