रुमाल टाकलेली खुर्ची

फुकट म्हटलं की माझे कान टवकारतात. सवयच तशी पडली. सगळी नोकरी रेल्वेत तिकीट तपासण्यात गेली. दौंड ते पुणे, पुणे ते दौंड, बहुतेक वेळ लेडीज डब्यात. कुणी झोपेचं सोंग घेतलं, कुणी पर्समध्ये हात घालून उगाच उचकत बसलं, कुणी माझ्याकडं बघून जरा जास्तच गोड हसलं, की समजायचं, बाई विदाऊट आहे, तिकीट काढलेलं नाही. रिटायर झाले, काळा कोट कपाटात गेला, पण संशय काही गेला नाही.

म्हणून लेक फोनवर म्हणाली, "आई, तू ये, पण आठच दिवसांसाठी ये," तेव्हाच मला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

लेक परदेशात नोकरीला. समुद्राकाठचं थंडगार शहर, नाव माझ्या जिभेवर नीट बसत नाही म्हणून लिहीत नाही. आमच्या रेल्वे कॉलनीत मात्र सगळ्यांना पाठ, की टीसीबाईंची पोरगी मोठ्या कंपनीत आहे, काचेच्या ऑफिसात बसते. मीच सांगितलेलं, दुसरं कोण सांगणार! याआधी दोनदा मी येते म्हटलं तर "आत्ता नको, ऑफिसात फार काम आहे." आणि मग एकदम "ये." गेले तर भर दुपारी कामाच्या वारी ही विमानतळावर उभी. म्हणे, सुट्टी काढलीय. खोलीवरचा फ्रीज उघडला तर थोडी अंडी आणि अर्धा कोबी. पूर्वी माझ्याशी बोलतानासुद्धा हिचा फोन मागं टिंग टिंग वाजत असायचा. आता दोन दिवस झाले तरी ऑफिसातून कुणी हिंग लावून विचारत नव्हतं.

हिची नोकरी गेलीय का, एवढा एकच प्रश्न माझ्या डोक्यात घोळत होता. विचारायचा धीर होत नव्हता. कारण तिकडं नोकरी गेली की दुसरी मिळेपर्यंतच राहू देतात आणि मुदत संपली की चला घरी, एवढं मलाही ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ही म्हणाली, "आज तुला इथली लायब्ररी दाखवते."

लायब्ररी! आठ दिवसांसाठी आलेल्या आईला? अहो, वढूला छत्रपतींच्या समाधीच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्याला कुणी सणसवाडीचे कारखाने दाखवून परत पाठवतं का?

"तिकीट किती?" मी विचारलं.

"तिकीट नाही. फुकट आहे."

"मंग न्हाई बघायची मला."

पण गेलो. बाहेरून मॉलसारखी बिल्डिंग. दारात कुणी अडवलं नाही, पिशवी तपासली नाही, नाव विचारलं नाही. आत जिना एवढा रुंद की लोक त्याच्यावरच पाय पसरून वाचत बसलेले. एका बाजूला लहान पोरं पळतायत, एका बाजूला शिवणयंत्रं मांडलेली, कुणीही यावं आणि शिवावं. एक बाप्या बूट काढून खुर्चीत चक्क घोरत होता. मी त्याच्याकडं निरखून बघितलं. सोंग नव्हतं, खरीच झोप होती.

दाराजवळ भिंतीला एक फट. लोक येत होते आणि तिच्यात पुस्तक सरकवत होते. काचेपलीकडं पट्ट्यावरून पुस्तक आपलं आपण पुढं जायचं आणि कुठल्यातरी टोपलीत पडायचं. विमानतळावरच्या बॅगांसारखं. मी तिथं बराच वेळ उभी राहिले. म्हटलं, कुणीतरी घोटाळा करील. आणि झालंच! एका म्हाताऱ्यानं कपाटातली पुस्तकं काखेत मारली आणि कुणाशी एक अक्षर न बोलता दाराकडं चालायला लागला. मी त्याच्या मागं निघाले. पाय आपोआप निघाले, काय करणार!

"आई!" लेकीनं माझा दंड धरला. "त्यांनी मशीनवर नोंद केली असेल."

"आन् केली नसली तर?"

"तर नसेल केली. वाचून झालं की आणून देतील."

"व्हय, देत्यात! तुला लई माहीत."

मी शिरूरच्या मिशन कंपाउंडात वाढले. आमच्या शाळेत पुस्तकांचं एक कपाट होतं. जाळीचं दार, दाराला कुलूप, आणि किल्ली मोठ्या बाईंच्या कमरेला. पुस्तक हवं तर जाळीतून बोटानं दाखवायचं. बाई आधी हात बघायच्या, मग नखं, आणि मग द्यायचं का नाही ते ठरवायच्या. त्या कपाटातलं एक पुस्तक कधी हरवलं नाही. आता आम्ही किती वाचलं, ते विचारू नका.

वरच्या मजल्यावर गेलो. तिथं समुद्राच्या बाजूला सगळी काच, आणि काचेला लागून लांबलचक टेबल. खुर्च्या भरलेल्या. कोण लॅपटॉपवर, कोण वहीत.

"जागा न्हाई इथं," मी म्हणाले. "चल खाली."

लेक थांबलीच नाही. कुणी नवखा माणूस जागा शोधताना मान इकडं तिकडं फिरवतो. हिनं मान फिरवली नाही. सरळ टेबलाच्या टोकाला गेली. तिथं पांढऱ्या केसांची एक बाई लोकरीचं काहीतरी विणत बसली होती. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी, आणि खुर्चीवर तिचा राखाडी स्कार्फ. लेक जवळ आल्याबरोबर बाईनं विणणं न थांबवता एका हातानं स्कार्फ उचलला. लेक बसली. बाईनं मला बघितलं, हसली, उठली आणि माझ्यासाठी कुठूनतरी एक खुर्ची ओढून आणली.

मला कुणी कानाखाली मारल्यासारखं झालं.

हे मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार! दौंडला गाडी लागली की आधी चढलेल्या पासवाल्या बाया रुमाल, ओढणी, डब्याची पिशवी, हाताला येईल ते टाकून जागा धरतात. कुणी पुढं केडगावला चढणार असते, कुणी यवतला, कुणी दौंडलाच गाडी सुटता सुटता धापा टाकत येणार असते. मला त्या रुमालांचा भारी राग. ज्या बाईनं तिकीट काढलंय ती उभी, आणि रुमाल बसलेला! "या रुमालाला पास हाय का?" असं म्हणून मी उचलून मालकिणीच्या मांडीवर टाकायची. सगळा डबा मला शिव्या घालायचा. घालू देत. ही लेक कॉलेजला अपडाऊन करत होती तेव्हा तिच्यासाठी मैत्रिणींनी टाकलेला रुमालही मी उचलला होता. नियम म्हंजी नियम. त्या दिवशी ही पुण्यापर्यंत उभी गेली, आणि पुढं कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

पण एक गोष्ट पक्की. एका दिवसाच्या प्रवाशासाठी कुणी रुमाल टाकत नाही. रुमाल पडतो तो रोजच्या माणसासाठी.

मी खाली म्हाताऱ्यामागं धावत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! विदाऊट माझ्या शेजारीच बसलेली.

"नोकरी कवा गेली?" मी विचारलं.

तिनं लॅपटॉप उघडायला लावलेला हात तसाच ठेवला. टीसीनं तिकीट मागितल्यावर माणूस खोटं बोलणार असेल तर लगेच बोलतो. हिनं लॅपटॉप बाजूला सारला.

"नाताळच्या आधी," ती म्हणाली. "आमची सगळी टीमच बंद केली."

"नाताळच्या आधी? आन् नाताळात मला फोनवर ऑफिसच्या पार्टीत काय काय खाल्लं ते सांगितलंस! केकसुद्धा सांगितलास!"

"आई, हळू."

"कशाला हळू? खालची पोरं वरडत्यात ती चालत्यात व्हय!"

मला राग आला होता. नोकरी गेली याचा नव्हता तेवढा राग. नोकऱ्या जातात. मी चर्चमध्ये उभं राहून हिच्या नोकरीसाठी देवाची उपकारस्तुती केली होती, आणि ही इथं रोज या खुर्चीत बसून मला थापा मारत होती.

"मला का सांगितलं न्हाईस?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तूच म्हणतेस ना." मग ती माझ्याकडं वळली. "तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, परत ये. तू म्हटलं असतंस तर मी आले असते. मला यायचं नाहीये, आई."

मी तोंड मिटून घेतलं. कारण 'परत चल' हेच माझ्या जिभेवर होतं.

मग एकेक निघालं. नुसतं खोलीवर बसून वेड लागायची पाळी आली होती. इथं सकाळी आवरून यायचं, अर्ज पाठवायचे, संध्याकाळी घरी जायचं, म्हणजे कामावर जाऊन आल्यासारखं वाटतं. पुढच्या महिनाअखेरीपर्यंत राहता येईल. आणि परवा एक इंटरव्ह्यू आहे, चांगल्या जागी. तेवढ्या वेळापुरतं मला इथंच बसवून जायचं तिनं ठरवलं होतं, ऑफिसात जरा काम आहे असं सांगून.

"आन् ही बाई कोण?"

"रोज येते. माझी जागा धरते."

"नाव काय तिचं?"

"माहीत नाही."

"नाव म्हाईत न्हाई आन् जागा धरती? हिचा काय फायदा त्यात?"

लेक माझ्याकडं बघून थकल्यासारखं हसली. ती बाई खाली मान घालून विणत होती. मी तिच्याकडं दोनतीनदा रोखून बघितलं. काही सापडलं नाही.

पुढचे दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. मी पिठलं केलं, भाकरी केली, दौंडहून आणलेली लसणाची चटणी काढली. ती गुपचूप जेवली. मी मनात सगळं जुळवत होते. पुण्यात काय कंपन्या कमी आहेत? माझी पेन्शन आहे, घर आहे, इथं हिचं कोण आहे? कॉलनीत काय सांगायचं तेही ठरवून झालं, 'आईसाठी आली' म्हणून सांगायचं. फक्त इंटरव्ह्यू होईस्तोवर थांबायचं, आणि मग बोलायचं.

इंटरव्ह्यूच्या दिवशी लेक मला टेबलाच्या त्याच टोकाला बसवून गेली. इस्त्रीचा शर्ट घातला होता. जाताना म्हणाली, "काही लागलं तर या बाईंना..." आणि थांबली. विणणारी बाई आलीच नव्हती.

"तू जा," मी म्हणाले. "मी कुठं हरवत न्हाई."

दुपारी गर्दी वाढली. कॉलेजची पोरं आली. माझ्या शेजारची लेकीची खुर्ची रिकामी, आणि लोकांचे डोळे तिच्यावर. एक पोरगा लॅपटॉप घेऊन आला आणि खुर्चीला हात लावून काहीतरी विचारायला लागला. मला काय झालं कळलं नाही. मी पर्स उघडली, चर्चला नेते तो पांढरा, इस्त्रीचा रुमाल काढला आणि खुर्चीवर टाकला. पोरगा रुमालाकडं बघत राहिला, मग माझ्याकडं, मग निघून गेला. नंतर एक पोरगी आली. तिला मी नुसती मान हलवली. तीही गेली.

आणि मग तिथला माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, चालायची ढब तीच, एकेक टेबल बघत यायची. म्हटलं, आला बाबा यांचा टीसी! आता हा उचलणार. त्याच्या जागी मी असते तर उचललाच असता. लोक उभे आहेत आणि रुमाल बसलाय! तो जवळ आला, थांबला, त्याच्या भाषेत काहीतरी बोलला.

"माझ्या पोरीची जागा हाय," मी मराठीत सांगितलं. "ती कामाला गेलीय. येती."

त्याला काय समजलं देव जाणे. पण रुमालाची एक बाजू खुर्चीवरून घसरली होती, ती त्यानं बोटानं सारखी केली आणि पुढं गेला. हा मला हसला का, म्हणून मी तो जिन्यापर्यंत जाईस्तोवर त्याच्या पाठीकडं बघत होते.

लेक आली तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. जिन्यावरून वर येताना मला तिचा चेहरा दिसला. मी आयुष्यभर चेहरेच बघितलेत. विचारायची गरज नव्हती. इंटरव्ह्यू वाईट गेला होता.

ती टेबलापाशी आली आणि खुर्चीकडं बघत उभी राहिली. रुमाल तिनं ओळखला.

"आई," ती म्हणाली, "तू रुमाल टाकलास?"

"मंग काय करू? लोक लई टपलेले."

ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. रुमाल उचलून तिनं डोळ्यांना लावला आणि खुर्चीत बसली. दोन दिवस जुळवलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पुणे, पेन्शन, घर, परत चल. मी म्हटलं असतं तर ती आली असती. तिनंच सांगितलं होतं.

"उद्या हे कवा उघडतं?" मी विचारलं.

"आठला."

"मंग लवकर निघू," मी म्हणाले. "ती बाई उद्यापण आली न्हाई तर खिडकीची जागा जायची."