एका कानाची पेटी

मलकापूर स्टेशनातले तारबाबू वामनराव बायकोला कधी हाक मारत नसत. बाजेच्या लाकडावर बोटांनी टकटक करत, आणि दुसऱ्या टोकाला तांदूळ निवडत बसलेल्या यमुनावहिनी मान वर करून "काय जी?" म्हणत. मी त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटलं, दिवसभर तारा ठोकून या माणसाच्या बोटांना खोडच लागली आहे. मग कळलं, विषमज्वरात वहिनींचे कान गेले होते. अगदी जवळचा मोठा आवाजच काय तो थोडाफार पोचे.

वामनराव मूळचे जानेफळचे. शेती भावावर सोपवून रेल्वेत लागले आणि तिथल्या एका गार्डाकडून हवायन गिटार शिकले. मांडीवर आडवी घेऊन, तारांवरून लोखंडी कांडी फिरवत वाजवायची ती. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी वहिनी समोर बसून ऐकत. कान गेल्यावर त्यांनी बसणं सोडलं आणि यांनी वाजवणं. "ऐकणारंच उठून गेलं मास्तर, आता भिताडाले ऐकवू काय?" असं ते मला हसत म्हणाले. मला मात्र हसू आलं नाही.

मी शाळेत शास्त्र शिकवत असे, त्यामुळे जगातली सगळी यंत्रं आपल्याला विचारूनच बनवतात असा माझा समज. मीच सुचवलं, गिटारीच्या तारांखाली आवाज टिपणारं चुंबक बसवून घ्या आणि आवाज मोठा करणारी व्हॉल्वची पेटी आणा, वहिनींना ऐकू जाईल. गावात वीज आलेली होती. लाउडस्पीकरवाल्याच्या दुकानात दोन पेट्या होत्या. एक अशी देखणी की बघत राहावं! सहा बटणं, रेडिओ, ग्रामोफोन, मायक्रोफोन, काहीही जोडा, आवाज जाड करा, बारीक करा. नागपूरच्या सचिवालयात नसतील इतके खटके, आणि चालू असली तरी हूं की चूं नाही. दुसरी म्हणजे नुसता लाकडी खोका. तीन व्हॉल्व, एक बटण, आणि चालू केल्याबरोबर भुंग्यासारखी घुमायची.

वामनराव वहिनींना घेऊन आले होते. दुकानदाराने दोन्ही पेट्या चालू केल्या. वहिनी आधी एकीवर, मग दुसरीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बाईमाणूस, पॉलिश बघत असतील, असं मी समजलो. मग वामनरावांनी तो खोका उचलला.

"अहो, काऊन?" मी ओरडलोच. "ती घुमते! दोष आहे तिच्यात!"

"मास्तर, त्या पेटीले सहा कान. कोणता पिळावा, याच्यातच जलम जाईन. इले एकच कान. पिळला का ऐकते."

कान पिळण्याच्या बाबतीत एका मास्तराला शिकवायचं म्हणजे कमाल झाली. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. पण त्यांच्या घरी संध्याकाळ पुन्हा सुरू झाली. वहिनी पेटीला खेटून, तिच्यावर तळहात ठेवून बसू लागल्या. गत आवडली की मोठ्यानं म्हणत, "हाव, हेच वाजवा!" तरी माझं कुतूहल काही जाईना. डोकं ठिकाणावर असलेला माणूस घुमणारी पेटी घेतोच कसा? मी पुन्हा पुन्हा विचारी, आणि ते हसून कानाच्या पाळीला हात लावत.

शेवटी, ते दोघं घराची किल्ली माझ्याकडे ठेवून चार दिवस जानेफळला गेले असताना, मी शहाणपणा केला. पेटी रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे नेली, आतला एक भाग बदलून घेतला. घुमणं साफ बंद! ते परतल्यावर मी मोठ्या ऐटीत पेटी समोर ठेवली. वामनरावांनी बटण पिळलं. वहिनींनी तळहात ठेवला, थोडा वेळ वाट पाहिली, मग हात काढून घेतला.

"मेली वाटते," त्या म्हणाल्या आणि उठून चुलीकडे गेल्या.

वामनराव मला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "मास्तर, मले गिटार जुळवाले येळ लागते. तवर तिले काई समजत नोयतं, म्हणून ती उठून जाये. ही घुमते ना, तं हाताले कळते, हे जुळवून राह्यले, आता वाजवतीन. म्हणून बसते ती. तिनंच निवडली होती हो पेटी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच दुरुस्तीवाल्याला जुना भाग परत बसवायला लावला. "बिघाड परत मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाह्यलं," तो म्हणाला.

पुढे बरीच वर्षं ती पेटी घुमली. वामनराव पेन्शनीत गेले, आणि एका उन्हाळ्यात छातीत कळ येऊन गेलेच. महिन्याभरानं मी भेटायला गेलो. गिटार गवसणीत घालून खुंटीला टांगलेली होती. वहिनी पेटीजवळ बसल्या होत्या आणि पेटी चालू होती. विसरल्या असतील, म्हणून मी बटणाकडे हात नेला.

"राहू द्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "हे जुळवून राह्यले."

मी बटणावरचा हात काढला आणि त्यांच्या हाताशेजारी पेटीवर ठेवला.