आवडीचं मूळ

मराठीतला मायेचा एकही शब्द आमच्या मामेसासऱ्यांच्या तावडीतून धडधाकट सुटलेला नाही. मुलुंडच्या त्यांच्या घरात ‘मला श्रीखंड आवडतं’ म्हणण्याची सोय नाही. ‘आवड’ या शब्दाबद्दल विद्वानांत एकमत कसं नाही, हे ऐकून होईपर्यंत श्रीखंडाला पाणी सुटतं. शेजारच्या डोहाळजेवणात कुणीतरी ‘सुनेची भारी हौस केलीत हो’ म्हणालं, तर मामांनी भर बायकांत जाहीर केलं, “हौस म्हणजे मूळची हवस बरं का! हिंदीत तिचा अर्थ वासना.” त्या सुनेच्या सासूबाईंनी हातातलं ओटीचं ताट खालीच ठेवलं. मामांना वाटलं, ज्ञानाने भारावून ठेवलं.

एवढ्या विद्वत्तेची किंमत मोजली ती त्यांच्या मुलीने. तिला बघून गेलेल्या पहिल्या स्थळाने रीतीप्रमाणे फोन केला, “मुलगी पसंत आहे.” आपण फक्त ‘छान, छान’ म्हणायचं असतं. मामा म्हणाले, “पसंत फारसी आहे. तुम्हाला नक्की काय म्हणायचंय? ओढ, लळा, की नुसती आवड?” त्या सज्जनांनी विचार करून कळवतो म्हटलं. ते अजून विचार करतायत.

पुढे मुलीने स्वतःच भांडुपचा एक मुलगा निवडला आणि बापाला दम भरला, “बाबा, ती मंडळी आली की एकाही शब्दाचं मूळ काढायचं नाही. या वेळी वाट लागली ना, तर मी परत पोह्यांची बशी घेऊन कुणासमोर येणार नाही.” मंडळी आली. मुलाची आई मालवणची, बोलायला रोखठोक. पोहे संपवून त्या म्हणाल्या, “माका तुमचा चेडू आवडला. तुमका आमचो झील आवडलो काय? होय काय नाय, तेवढाच सांगा.”

मामांनी तोंड उघडलं. मुलीने डोळे मिटले. मामी देव्हाऱ्याकडे बघू लागल्या. मामांच्या घशाशी अख्खा शब्दकोश आलेला मला दिसत होता. त्यांनी एक आवंढा गिळला आणि म्हणाले, “आवडला.” इतकं छोटं वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

लग्न झकास झालं. परवा रविवारी मी मामांकडे गेलो. टीव्ही बंद, मामा गप्प. मला ते बघवेना. त्यांची कळ काढावी म्हणून मीच विचारलं, “मामा, ‘लळा’ हा शब्द कुठला हो?”

ते दाराकडे बघत राहिले. “जावईबापू, ती गेल्यापासून घरात करमत नाही.”

भांडुप म्हणजे दोन स्टेशनं, असं काहीतरी खवचट बोलणार होतो, ते राहू दिलं. “जाऊन येऊ या का तिच्याकडे?” मी म्हणालो.

“तू म्हणतोस म्हणून हं,” मामा म्हणाले. तोवर त्यांनी एक चप्पल घातलीसुद्धा होती.