पाखरं हाकायची सवय

आई गेल्यावर, गेल्या दिवाळीत, मी बाबांना आमच्या मुर्धा गावाहून बेव्हर्ली पार्क सोसायटीतल्या माझ्या फ्लॅटवर आणलं. आमच्या ऑफिसातल्या साहेबलोकांना पक्षी बघायचा नाद आहे. मीही त्यांच्यात शिरलो होतो. पक्ष्यांचं मला काडीचं कौतुक नव्हतं, त्या लोकांत ऊठबस हवी होती. फेब्रुवारीअखेर नॅशनल पार्कची सहल ठरली तेव्हा बाबा म्हणाले, "मी पन येतो. घरान बसून काय करू?"

भडक किंवा पांढरे कपडे नकोत, बोलायचं नाही, असे नियम आधीच आले होते. बाबा ठेवणीतला पांढराशुभ्र सदरा घालून निघाले. आमच्या मोठ्या साहेबांनी तो पाहिला आणि माझ्याकडेही पाहिलं.

डोंगराच्या चढावर काटेसावरीला लाल फुलं आली होती. साहेबांनी सगळ्यांना वाळक्या गवताच्या पट्ट्यासमोर तासभर दबा धरून बसवलं. शेवटी लाल मुनियांचा थवा उतरला आणि गवताचं बी टिपू लागला. कॅमेरे वर झाले.

"हाऽऽ हुर्र्र! हाऽऽ!"

बाबा उभे राहिले होते. पायाशी उचललेलं ढेकूळ हातातून सुटलंही होतं. थवा भुर्रकन झाडांपलीकडे गेला.

मला तेव्हाच कळलं. भात दाण्यावर आलं की बाबा शेतातल्या माळ्यावर बसून दिवसभर हेच करायचे. त्यांच्या मांडीवर बसून मीही हाच आवाज काढायला शिकलो. पाखरू दाण्यावर बसलं की हात आपसूक उठतो, त्यात विचार करायचा नसतो. ते हात उठले म्हणून आमच्या ताटात भात पडला. त्या शेतावर आज सात मजले उभे आहेत.

साहेबांनी दातओठ खात मला विचारलं, "ये आपके कौन हैं?"

हे सगळं सांगता आलं असतं. पण मी म्हणालो, "हमारे गाँव के हैं, सर. जिद करके आ गए." आणि वर हसून, "जित्याची खोड, दुसरं काय!" सगळे हसले. मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची आज शिसारी येते.

बाबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. पुढचा सगळा दिवस ते सगळ्यांच्या मागून चालले. जेवताना भाकरी घेऊन लांबच्या दगडावर बसले. मी बोलवायला गेलो नाही. हाक मारायची तर 'बाबा' म्हणावं लागलं असतं.

परतताना रिक्षात मी म्हणालो, "बाबा, चुकलो मी." वरातीमागून घोडं.

"तुजा काय चुकला? पाखरू दिसला नं हात उठला. माजाच चुकला," ते बाहेर बघत म्हणाले.

सोसायटीच्या गेटवर नवा वॉचमन होता. मला त्याने सलाम केला आणि बाबांपुढे पाहुण्यांचं रजिस्टर सरकवलं. "चाचा, किसके यहाँ जाना है?"

मी तोंड उघडेपर्यंत बाबांनी पेन उचललं होतं. त्यांनी सावकाश आपलं नाव लिहिलं. गाव मुर्धा. कोणाकडे आलात, त्या रकान्यात माझा फ्लॅट नंबर आणि माझं नाव. नावापुढे 'साहेब'.