एका पेनाने लिहिलेला तक्ता

"शनिवारी वास्तुशांत आहे, लाकडी फरशी आजच बसवा," मी ओरडत होतो. आवाज इंगोलश्टाटहून थेट म्युनिकला पोचला असणार.

फरशीवाला गुडघ्यांवरच होता. हा माणूस बांधकामावर आला की बूट दाराबाहेर काढायचा, काँक्रीटवर तळहात ठेवायचा आणि बोलण्याआधी जर्मन "आल्झो", म्हणजे आपलं "तर मग", इतकं लांब लावायचा की तेवढ्यात चहाला उकळी यावी. लाकडाखालची काँक्रीटची जमीनही त्यानेच घातलेली. त्याने काँक्रीटचा तुकडा फोडून तपासला. "ओली आहे."

मग त्याने माझा तक्ता उचलला. काँक्रीट वाळावं म्हणून जमिनीतलं हीटिंग रोज थोडं वाढवून त्यात आकडे लिहायचे होते. हीटिंग लावायचंच मी विसरलो होतो. शेवटी इंजिनियरच मी. पंधरा दिवसांचं तापमान एका बैठकीत, एका पेनाने लिहून काढलं होतं.

"काय म्हणतात ते, जावईबापू?" वास्तुशांतीसाठी भारतातून आलेल्या सासऱ्यांनी विचारलं. त्यांना जर्मन येत नव्हतं.

"जमीन नीट घातली नाही यांनी, बाबा."

सासऱ्यांनी त्याला इंग्रजीत यथेच्छ झापलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, तक्त्याची घडी केली आणि गुपचूप माझ्या खिशात सरकवली.

त्याच्या गाडीपाशी जाऊन मी माफी मागितली.

"हीटिंग लावा," तो म्हणाला.