वाल सोलणाऱ्या बाई

अन्याय झाला तो सोलणाऱ्या बाईंवर. केव्हा, तेही सांगते. मी दहावीत होते त्या वर्षी, सहामाही परीक्षेच्या आदल्या दिवशी, प्रार्थना संपल्या संपल्या, अख्ख्या शाळेसमोर. मुख्याध्यापक माईकवर म्हणाले, "समुपदेशन कक्ष आजपासून बंद. तिथे संगणक बसणार आहेत." बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांना ही बातमी आमच्याबरोबरच कळली.

बाई मोहोपाड्याहून यायच्या, आठवड्यातून दोनदा, कडावजवळच्या आमच्या शाळेत. हातात कायम एक झाकणाचं पातेलं. त्यात मोड आलेले वाल, कोमट पाण्यात. शिक्षण मानसशास्त्राचं, नेमणूक कंत्राटी, आणि बसायची जागा म्हणून खेळाच्या सामानाची खोली. खोलीवर नवी कोरी पाटी होती, 'समुपदेशन कक्ष'. पोरांनी तिचं बारसं पहिल्याच दिवशी केलं: मेंटल रूम. "काय रं, मेंटल रूमला चाललास?" एवढं एकदा कानावर पडलं की कोण त्या दारात पाय ठेवणार? बाई कित्येक आठवडे तिथे एकट्या बसून राहिल्या.

मग एक दिवस त्या पातेलं घेऊन बाहेर आल्या आणि पाण्याच्या टाकीशेजारी पायरीवर बसून वाल सोलायला लागल्या. बिरडं, म्हणजे सोललेल्या वालांची उसळ, आमच्याकडे घरोघर होतं, वाल सोलायला कुणाला शिकवावं लागत नाही. जाता येता कुणीतरी टेकायचं, मूठभर वाल घ्यायचं. बोटांत दाबला की साल हातात आणि डाळिंबी पाण्यात. मान खाली, नजर पातेल्यात. आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं नसलं की माणूस बोलतो. बाईंची सगळी पद्धत एवढीच होती. त्या कधी "काय झालं?" असं विचारायच्या नाहीत. "जरा सरक, मला पाणी घेऊ दे," म्हणायच्या आणि वाट बघायच्या.

नववीतला एक कबड्डी खेळणारा धिप्पाड मुलगा पहिल्यांदा बसला तेव्हा अख्खा वर्ग खिडकीतून हसत होता. "पोरगी झालास काय रं?" तो मान वर न करता सोलत राहिला. मग टपटप रडायला लागला. वडील रोज पिऊन आईला मारायचे, हे त्याने त्या दिवशी सांगितलं. बाईंनी वर बघितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "रड रं रड. आज बिरड्यात मीठ कमी घालीन." तो रडता रडता हसला. खिडकीतले एकेक करून मागे सरकले. पुढच्या खेपेला बाईंनी त्याच्यासाठी डब्यात बिरडं आणलं आणि त्याने ते आम्हाला कुणाला चाखूसुद्धा दिलं नाही.

तेव्हापासून शाळेत एक शब्दच तयार झाला. "सर, सोलायला जाऊ?" म्हणजे माझं काहीतरी बिनसलंय. गणिताचे सर वैतागायचे, "शाळेची भाजी मंडई केलीय!" पण मुलांना तो शब्द पुरत होता. 'मला मदत हवी' हे म्हणायला जीभ रेटत नाही. 'सोलायला जाऊ' म्हणता येतं.

सुजाता माझ्या बाकावरची. दहावीचं वर्ष लागलं आणि ती भुवयांचे केस उपटायला लागली. वर्गात, घरी, झोपेत. भुवया जवळजवळ गेल्याच. शिक्षकांनी नाव दिलं 'नाटकं'. एका शिक्षिकेने तर विचारलं, "भुवया काय गहाण टाकल्यास गं?" घरच्यांनी भगताकडे नेलं, दोरा बांधला, लिंबू उतरवलं. बाईंनी तिच्यापुढे पातेलं सरकवलं. "तुझ्या बोटांना काम पायजे, सुजे. हे घे." बोटं गुंतली की हात कपाळाकडे जाईना. हळूहळू ती बोलायला लागली. नापास होण्याची भीती, रात्र रात्र जागणं, छातीत होणारी धडधड.

एवढ्याने भागणार नाही, हे बाईंना ठाऊक होतं. त्या तिच्या घरी गेल्या. सुजाताची आई म्हणाली, "बाय, पोरीला बाहेरचं लागलंय." बाई म्हणाल्या, "भगताकडं जायचं तर जा, मी आडवी येत नाय. पण कर्जतच्या सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर येतात, तिथंपण जाऊ. मी येते संगती." आई तयार झाली. सहामाही झाली की जायचं ठरलं.

हे ठरलं त्याच आठवड्यात एका वडिलांनी आपली मुलगी पायरीवर वाल सोलताना बघितली. थेट ऑफिसात. "पोरीला शिकायला पाठवतो का बाईचं बिरडं सोलायला?" मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. आम्ही दाराबाहेर कान लावून उभ्या.

"सर, वाल निमित्त आहे."

"मग निमित्त बंद करा. पाटी लावलीय ना? आत बसा."

"आत कुणी येत नाय. ओढून आणलं तर बोलत नाय."

"कामाला लावलं असं दिसतंय. शाळेची बदनामी होते."

बदनामी! पोरी केस उपटतात, पोरं घरातला मार लपवतात, त्याने शाळेची बदनामी होत नव्हती. पातेल्याने झाली.

माईकवर ती घोषणा झाली त्याच दिवशी, बाई कायमच्या जायला निघाल्या तेव्हा, आम्ही नाक्यावर टमटम थांबवून ठेवली होती. आम्ही मोर्चा काढू म्हणालो. बाई चिडल्या. "मला परत आणा म्हणून ओरडू नका गं. कुणीतरी आणा म्हणून ओरडा. कुणीपण चालंल. पण या सुजीला एकटं सोडू नका." ड्रायव्हरने हॉर्न मारला, त्या चढल्या. सुजाता तिथे आलीच नव्हती.

दवाखान्यात जाणं राहिलं. "बाईच नाय तर आमाला तिथं कोण विचारतंय?" असं म्हणून आई घरात बसली. मी दोनदा जाऊन विनवलं, पोरीसोरीचं कोण ऐकतंय. सुजाताने बोर्डाची परीक्षा दिली नाही. आता ती कुंभिवलीला एका कंपनीत पॅकिंगला जाते. भुवया पेन्सिलीने काढते. मागे भेटली तेव्हा म्हणाली, "बरी हाय गं," आणि तेवढ्यात तिचा हात कपाळाकडे गेला. त्या खोलीत आजपर्यंत संगणक आलेला नाही. मोडके बाक आहेत आणि कुलूप आहे. शाळांत मुलांचं ऐकणारं माणूस नेमा म्हणून मी ही असली पत्रकं छापते, गावोगाव वाटते, तरी जीव थाऱ्यावर येत नाही, कारण प्रत्येक शाळेच्या फाटकाशी मला एखादी सुजाता दिसते.

तुम्ही हे वाचताय म्हणजे तुमच्या घरात किंवा शेजारी शाळेत जाणारं कुणीतरी आहे. तर येत्या पालकसभेला जा. नुसती सही करून परत येऊ नका. टक्केवारीचा विषय निघायच्या आत उभे राहा आणि विचारा: या शाळेत मुलांचं ऐकून घ्यायला कोण आहे? म्हणा, माणसाचं नाव सांगा. ते माणूस कुठल्या दिवशी येतं, तेही सांगा. पाटी दाखवतील, योजना वाचून दाखवतील, 'बघू' म्हणतील. नाव मिळेपर्यंत खाली बसू नका.