मारुतीच्या कुंडीतलं तेल

देवाला अट घालू नये, हे आता म्हणायला सोपं आहे. सतराव्या वर्षी मी घातली होती, आणि तीही सख्ख्या भावाच्या जिवावर.

तेव्हा आपलं वऱ्हाड मध्यप्रांतात होतं. आमचं घर अकोल्याच्या जुन्या शहरात, फुलांचा मळा मोर्णेच्या काठी. थोरला भाऊ आणि मी सायकलींवर झेंडू-शेवंतीच्या टोपल्या बाजारात पोचवायचो आणि परतताना आपसात पैज लावायचो. मी नेहमी जिंकायचो, म्हणून भावानंच अठराच्या आतल्या पोरांच्या शर्यतीत माझं नाव घातलं. दिवाळी उलटून रस्ते वाळले की हंगामातली ही पहिली शर्यत. अकोल्याहून बोरगावपर्यंत जायचं आणि परत यायचं. अमरावतीची पोरं आगगाडीत सायकली घालून येत आणि आमच्या टोपल्या बांधायच्या कॅरियरकडे बघून हसत.

त्याच सुमारास भावाला विषमज्वर झाला. वैद्य म्हणाले, एकविसावा दिवस पार पडला की भीती नाही. शर्यतीचा दिवस नेमका एकविसावा निघाला. माय त्याच्या उशापासून हलेना. मी घाबरून मारुतीपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, पहिल्या तिघांत आलो तर भावाला उठव. बोलून तर गेलो, पण घरी येताना मनात आलं, तिघांत नाही आलो तर? ते मी बोललो नव्हतो, तरी देवाला ऐकू गेलं असणार, असं वाटत राहिलं.

मग देवालाच सोबत घ्यावं म्हणून दोन शनिवार मारुतीच्या पायाशी कुंडीत साचलेलं तेल वाटीत आणून मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमध्ये घातलं. लोक ते तेल दुखऱ्या गुडघ्यांना लावतात, मग चाकाला का नको? कुणाचं जवसाचं, कुणाचं करडीचं, आणि वर शेंदूर. जवसाचं तेल वाळलं की डिंक होतो, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागू नये. पण भीतीनं अक्कल गहाण पडली होती.

त्या सकाळी कडक थंडी होती. बोरगावहून वळलो तेव्हा मी तिसरा होतो. उतारावर क्षणभर पाय थांबवले आणि पुन्हा मारले, तर पायडल नुसतंच फिरायला लागलं. फ्रीव्हीलचे खटके आत चिकटून बसले होते, चाक ओढेना. एकेक करून सगळे पुढे निघून गेले. मी कडेला बसून रडलो. शर्यत गेली याचं काहीच वाटेना. मला वाटलं, भाऊ गेला, आणि मीच त्याला घालवला.

जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांपैकी शेवटची गाडी थांबली. म्हातारा गाडीवान उतरला. त्यानं फ्रीव्हीलला बोट लावून वास घेतला.

“कोणतं तेल घातलं बावा याच्यात?”

“मारुतीचं.”

“ते मारुतीच्या अंगाचं तेल हाय. चाकाले काहून पाजलं?”

मी सगळं सांगितलं, अटसुद्धा. ऐकता ऐकता त्यानं गाडीखालचा कंदील सोडला, त्यातलं घासलेट फ्रीव्हीलवर ओतलं आणि लाल चिकटा निघेपर्यंत चाक फिरवत राहिला. मग गाडीला टांगलेल्या वंगणाच्या नळ्यातलं एरंडेल दोन थेंब सोडलं. फ्रीव्हील पुन्हा टकटक वाजू लागलं.

“जाय आता घरी. तुह्या भावाचा ताप त्याले दिसत नाही का? पयला-दुसरा मोजाले तो काय शर्यतीचा पंच हाय?”

मी पोचलो तेव्हा शर्यतीचं निशाणसुद्धा काढून नेलं होतं. मोर्णेच्या पुलावर उतरलो आणि सायकल हातात धरून चालत गेलो. दारातून आधी माय दिसली, पेज ढवळत होती. भाऊ भिंतीला टेकून बसला होता. माय म्हणाली, तू सायकल बाहेर काढली आणि घटकाभरात त्याला घाम फुटून ताप उतरला. म्हणजे शर्यत सुरू व्हायच्याही आधी.

“कितवा आला?” भावानं विचारलं.

“शेवटचा.”

तो हसला. “आन् सायकलले एरंडेलाचा वास कायचा येऊन राहिला?” मी त्याचे पाय धरून बसलो.

पुढे कित्येक हंगाम त्या रस्त्यावर मी सायकल मारली, पण तो गाडीवान पुन्हा दिसला नाही. तो कोण होता, हे मी ठरवत बसत नाही. अजूनही शनिवारी तेल नेतो, मारुतीला वाहतो आणि काही न मागता परततो. मी अट घातली होती. त्यानं ती मनावर घेतली नाही, म्हणून आम्ही दोघे भाऊ सोबत म्हातारे झालो.